पेनड्राइव्हचा हजेरीपट

ऑगस्ट २०१७ मध्ये आयट्यून्सवर एक गाणं विक्रीला आलं. लांबी ९ मिनिटं ५८ सेकंद, किंमत ९९ सेंट. त्यात ना सूर, ना शब्द, ना ठेका. पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत नुसती शांतता. नाव मात्र विचारपूर्वक ठेवलेलं: सुरुवातीला इंग्रजी 'ए' हे अक्षर ओळीने पाच वेळा आणि पुढे 'फार चांगलं गाणं' अशा अर्थाचे तीन शब्द. समीर मेझराही या गृहस्थांनी ते काढलं आणि लोकांनी ते इतकं घेतलं, की काही दिवसांतच हा मुका ट्रॅक खपाच्या यादीत नावाजलेल्या गायकांच्या पंक्तीला जाऊन बसला.

पैसे मोजून शांतता घेण्यामागचं कारण गाडीत होतं. आयफोन यूएसबीच्या वायरने गाडीला जोडला की कित्येक गाड्यांत फोनमधलं वर्णक्रमाने पहिलं गाणं आपोआप सुरू व्हायचं. मग ते मुलासाठी कधीकाळी उतरवून घेतलेलं बडबडगीत असो की ऐन सकाळी नकोसं वाटणारं विरहगीत, रोज कामावर निघताना तेच. मेझराहींचा ट्रॅक फोनमध्ये असला की तो सगळ्यांच्या आधी लागायचा आणि हवं ते गाणं शोधायला दहा मिनिटांची निवांत मुदत मिळायची.

गाणी वर्णक्रमाने लागली तर निदान त्यात काही संगती तरी असते. पेनड्राइव्ह वापरणाऱ्यांची तक्रार याहून वेगळी. घरी संगणकावर गाणी शिस्तीत ओळीने दिसतात आणि गाडीत तीच गाणी भलत्याच क्रमाने वाजतात. ना वर्णक्रम, ना तारीख, ना अल्बम. दोष सहसा गाडीच्या डेकला दिला जातो. खरं तर संगणकाच्या पडद्यावर जो क्रम दिसतो तो पेनड्राइव्हवर नसतोच. संगणक तो दाखवण्यापुरता लावतो. डेक बिचारा जे खरोखर लिहिलेलं आहे ते वाचतो.

ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो या दोन्ही सोयी २०१४ मध्ये जाहीर झाल्या. तेव्हापासून गाडीतलं संगीत हळूहळू फोनकडे सरकलं, हे खरं. पण दहा-बारा वर्षं जुन्या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या डेकला यूएसबीचं भोक सोडून सोयीची दुसरी वाट नाही. शिवाय ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात शिरल्यावर रेंज जाते आणि ऐकत असलेलं गाणं मध्येच फिरत्या गोल चिन्हात अडकतं. पेनड्राइव्हला रेंज लागत नाही, त्याच्यावर फोन येत नाहीत, आणि महिन्याचं शुल्कही भरावं लागत नाही. म्हणून तो टिकून आहे. गावोगावच्या मोबाइलच्या दुकानांत पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून देण्याचा धंदाही त्याच्याच जोरावर चालत आला.

बहुतेक पेनड्राइव्ह 'फॅट३२' या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. फॅट ही मायक्रोसॉफ्टची १९७०च्या दशकातली पद्धत; तिचं फॅट३२ हे रूप १९९६ साली विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर आलं. यातला प्रत्येक फोल्डर म्हणजे एक हजेरीपट समजावा. फाइल आली की पटावर तिची नोंद होते: नाव, आकार, तारीख आणि ड्राइव्हवर ती कुठे ठेवली आहे तो पत्ता. एक नोंद ३२ बाइटची. मूळ पद्धतीत नावाला आठ अक्षरं आणि फाइलच्या प्रकाराला तीन, एवढीच जागा होती. १९९५ पासून लांब नावं चालू लागली, तीही नावाचे तेरा-तेरा अक्षरांचे तुकडे करून आणि त्यासाठी जादा ओळी खर्ची घालून. नोंदी होतात त्या फाइली ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने. आणि कुणी फाइल पुसली तर तिची ओळ पटावरून जात नाही. नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी फक्त एक खूण होते. पुढे कधीतरी नवी फाइल आली की ती त्या मोकळ्या ओळीत जाऊन बसते.

साधे डेक हा पट वरपासून खालपर्यंत वाचत जातात. नावं उतरवून घेऊन क्रम लावायचा तर त्याला जादा स्मृती आणि वेळ लागतो, आणि स्वस्तातल्या यंत्रात दोन्हींची काटकसर असते. त्यामुळे मागच्या आठवड्यात कंटाळून पुसलेल्या गाण्याची जागा काल घातलेल्या आरतीने घेतलेली असते आणि ती दोन लावण्यांच्या मधोमध वाजते. बरं, संगणकावर शंभर फाइली एकदम निवडून ड्राइव्हवर ओढल्या तर त्यांतली कोणती आधी लिहिली जाईल याचीही हमी नसते.

याचा सगळ्यात मोठा फटका कथा सांगणाऱ्या संगीताला बसतो. मराठीत याचं ठळक उदाहरण 'गीतरामायण'. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, आणि १ एप्रिल १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक गाणं. त्या वर्षी अधिक भाद्रपद होता, म्हणून गाणी बावन्नवर न थांबता ५६ झाली. ही ५६ गाणी नावांच्या वर्णक्रमाने लावली तर रावणवधाचं गाणं 'भ'वर येतं आणि रामजन्माचं 'र'वर. म्हणजे राम जन्माला येण्याआधीच रावण मरतो. रोमन लिपीत नावं दिली तरी सुटका नाही, कारण तिथेही 'बी' आधी आणि 'आर' नंतर.

मग गाण्यांना आकडे द्यावेत. इथेही एक खाच आहे. १, २, ३ असे आकडे दिले तर संगणकावर सगळं ठीक दिसतं, कारण विंडोज एक्सपीपासून विंडोजला २ हा १०च्या आधी येतो एवढं कळतं. नावांचा क्रम लावणाऱ्या डेकलाही ते कळेलच असं नाही. तो डावीकडून एकेक चिन्ह बघतो, त्याच्या लेखी '१०' हे '२'च्या आधी, कारण १ हा २च्या आधी. त्यामुळे पहिल्या गाण्यानंतर दहावं, अकरावं असं करत एकोणिसावं आणि मग दुसरं. आकडे ०१, ०२ असे शून्य लावून द्यायचे. शंभर किंवा जास्त गाणी असतील तर ००१. हे आकडे नावात लिहिताना इंग्रजीच हवेत. देवनागरी आकडे डेकच्या पडद्यावर उमटतील याची खात्री नाही.

आकडे दिले तरी हजेरीपट अजून विस्कटलेलाच. त्यावर उपाय दोन. पहिला म्हणजे ड्राइव्ह फॉरमॅट करायचा आणि फोल्डर एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने उतरवायचे. दुसरा उपाय सोपा: 'फॅटसॉर्ट' किंवा 'ड्राइव्हसॉर्ट' अशी छोटी मोफत साधनं मिळतात. ती गाण्यांना हातही लावत नाहीत. फक्त पटावरच्या ओळी नावाच्या क्रमाने नव्याने लिहितात. त्यामुळे हजारो गाण्यांचा ड्राइव्हही पाहता पाहता रांगेत येतो. ड्राइव्हवरच्या नोंदींनाच हात घातला जात असल्यामुळे गाण्यांची एक प्रत दुसरीकडे असलेली बरी, हे ओघानेच आलं.

नावात आकडे घालावेत, पण चिन्हांपासून सावध राहावं. २०१९ मध्ये 'रिप्लाय ऑल' या अमेरिकी पॉडकास्टने एका श्रोत्याची विचित्र तक्रार तडीस नेली. त्याच्या २०१६ सालच्या माझ्दा गाडीत बाकी सगळे पॉडकास्ट वाजायचे. '९९% इन्व्हिजिबल' हा एकच लावला की अख्खी संगीतयंत्रणा कोलमडायची. कारण निघालं नावातलं टक्क्याचं चिन्ह. प्रोग्रामिंगमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि त्यापुढचं अक्षर मिळून एक सूचना होते: इथे अमुक माहिती भर. गाडीच्या प्रणालीने कार्यक्रमाचं नाव सूचना म्हणून वाचलं आणि नसलेली माहिती शोधत बसली.

माझ्दाचं नशीब पुन्हा एकदा फिरलं ते २०२२च्या सुरुवातीला, सिॲटलमध्ये. तिथल्या केयूओडब्ल्यू या ९४.९ एफएम केंद्राने रेडिओबरोबर पाठवलेल्या चित्रांच्या फाइलींच्या नावांत शेवटचं, प्रकार सांगणारं शेपूट नव्हतं. २०१४ ते २०१७ या काळातल्या माझ्दा गाड्यांना त्या फाइलींचं काय करायचं ते कळेना. पडदा बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला आणि रेडिओ त्या एकाच केंद्रावर अडकून बसला. शेवटी कंपनीला महागडा भाग बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली.

ही टोकाची उदाहरणं झाली. पण गाण्याच्या फाइलीला नाव देताना टक्का, प्रश्नचिन्ह, तारा, तिरकी रेघ, अवतरणचिन्हं टाळावीत आणि शेवटचं 'डॉट एमपी३' पुसू नये, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही. या शेपटाचा जन्म १४ जुलै १९९५चा. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या चमूने त्या दिवशी ते नक्की केलं.

फाइलीचं नाव हे झालं बाहेरचं लेबल. आतही एक चिठ्ठी असते, ती म्हणजे टॅग. पडदा असलेले बहुतेक नवे डेक फोल्डरकडे फारसं बघत नाहीत, ही चिठ्ठी वाचून गायक, अल्बम, प्रकार अशा याद्या स्वतः करतात. एमपी३च्या मूळ आराखड्यात अशी चिठ्ठी नव्हतीच. १९९६ साली एरिक केम्प यांनी फाइलीच्या शेवटी १२८ बाइटचा तुकडा जोडण्याची युक्ती काढली, तीच आयडी३. पहिले तीन बाइट ओळखीचे. मग नावाला ३०, गायकाला ३०, अल्बमला ३०, सालाला ४, शेऱ्याला ३० आणि प्रकाराला एक. संपली जागा.

तीस बाइट इंग्रजी नावाला पुष्कळ झाले, कारण एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीचं तसं नाही. यूटीएफ-८ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजली जाते आणि प्रत्येकीला तीन बाइट लागतात. 'सुधीर फडके' हे नाव मधल्या मोकळ्या जागेसकट २८ बाइटचं, म्हणजे मावतं. 'भीमसेन जोशी' भरतं ३१. एका बाइटने हुकलं, आणि शेवटची वेलांटी अर्धवट तुटून तिथे प्रश्नचिन्ह किंवा चौकोन उमटतो. 'लता मंगेशकर' हेही नेमकं ३१. तिथे शेवटचा 'र' गळतो.

ही तुटातूट थांबते ती आयडी३च्या दुसऱ्या पिढीत. १९९८ मध्ये आलेली ही चिठ्ठी फाइलीच्या शेवटी नसून सुरुवातीला असते आणि तिला जागेची अशी अडचण नाही. तिच्या २.३ आणि २.४ अशा दोन आवृत्त्या चालतात. यूटीएफ-८ची सोय २.४ मध्ये आहे, तर २.३ मध्ये देवनागरी लिहायची ती यूटीएफ-१६ने. २.४ कागदावर अधिक सुधारलेली, पण ती वर्ष २०००च्या अखेरीस आली आणि कित्येक डेक अजून २.३वरच अडलेले आहेत. गाडीसाठी टॅग लिहायचे तर २.३ ही निवड शहाणपणाची. 'एमपी३टॅग' आणि 'म्युझिकब्रेन्झ पिकार्ड' या दोन्ही मोफत साधनांत ती करता येते.

डेकचा गोंधळ झाला की तो पडद्यावर ओळखू येतो. भीमसेन जोशींच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए', मग गोलाला चार टोकं फुटल्यासारखं चलनाचं चिन्ह, मध्येच जपानी येन, अशी रांग सरकताना दिसली तर फाइल बिघडलेली नाही. डेक यूटीएफ-८ची अक्षरं युरोपीय अक्षरं समजून एकेक बाइट सुटा वाचतो आहे, एवढंच. देवनागरीच्या प्रत्येक त्रिकुटातला पहिला बाइट तोच असतो, म्हणून तो तिरक्या रेघेचा 'ए' पुन्हा पुन्हा येतो. दुसरा बाइट बहुतेक व्यंजनांत चलनाचं चिन्ह होतो आणि दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा यांत येन.

बरं, अक्षरं ओळखली तरी ती मांडता यायला हवीत. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी दिसते, पण साठवताना अक्षराच्या नंतर ठेवलेली असते. जोडाक्षर म्हणजे दोन व्यंजनं आणि मधला हलंत. ही मांडणी करणारी यंत्रणा डेकमध्ये नसेल तर 'विठ्ठल' मध्ये वेलांटी 'व'च्या मागे लोंबकळते आणि दोन 'ठ' हलंतासकट सुटे उभे राहतात. वर्णक्रमाची तऱ्हाही वेगळी. यंत्राच्या लेखी 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर येतो आणि 'ज्ञ' म्हणजे 'ज' आणि 'ञ', म्हणून ज्ञानेश्वरीचा फोल्डर शोधायचा तर यादीच्या शेवटी न जाता 'ज'च्या घरात डोकवावं लागतं. नवी गाडी असेल तर एक गाणं देवनागरीत टॅग करून आधी पाहावं. जमलं तर उत्तम. नाही तर रोमन लिपीला शरण जाण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्यात कमीपणा मानण्याचंही कारण नाही. रस्त्यावर नजर असताना नाव क्षणात वाचता येणं जास्त महत्त्वाचं.

रोमन लिपीत गेलं की मराठी माणसाचा जुना रोग उफाळतो. फडके एका फाइलीत 'पीएच'ने, दुसरीत 'एफ'ने. भीमसेनजी कुठे नुसते, कुठे 'पं.' लावून, कुठे पूर्ण 'पंडित'. डेकसाठी हे तीन वेगळे गायक. युगुलगीतांचा घोळ आणखी मोठा. गायकाच्या रकान्यात आशा भोसले आणि सोबतच्या गायकाचं नाव लिहिलं की डेकच्या यादीत आशा भोसले तर असतातच, शिवाय त्यांच्या प्रत्येक जोडीदाराबरोबर एक नवी 'आशा भोसले' तयार होते. यासाठीच टॅगमध्ये 'अल्बमचा कलाकार' असा वेगळा रकाना असतो. तिथे एकच नाव द्यायचं, किंवा संग्रह असेल तर संग्रहाचं नाव. सोबतचे गायक गाण्याच्या रकान्यात राहू द्यायचे.

मराठी श्रोत्याला आणखी एक गोष्ट हवी असते. आकाशवाणीने पिढ्यान्‌पिढ्या गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक ही तिन्ही नावं सांगितली. त्यामुळे गाणं लागलं की 'चाल कुणाची?' हा प्रश्न गाडीत हमखास उठतो, आणि मागच्या सीटवर त्यावर वाद रंगतो. आयडी३च्या दुसऱ्या पिढीत संगीतकाराला रकाना आहे, गीतकारालाही आहे. पण पडद्यावर गीतकार दाखवणारा डेक विरळा. यावर एक साधी शक्कल आहे: अल्बमच्या रकान्यात चित्रपटाच्या किंवा संग्रहाच्या नावापुढे आडनावं लिहून टाकायची. माहिती 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर मिळते. आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखून टॅग आपोआप भरणाऱ्या साधनांवर जुन्या मराठी गाण्यांच्या बाबतीत फार विसंबू नये. चुकीचं पण आत्मविश्वासाने भरलेलं नाव नंतर शोधून काढणं जास्त कटकटीचं.

प्रकाराच्या एका बाइटची गंमत वेगळीच. केम्प यांच्या यादीत ० ते ७९ असे ऐंशी प्रकार होते. त्यात पोल्का आहे. लावणी, अभंग, भावगीत, नाट्यसंगीत यांपैकी काही नाही, आणि तशा यादीत ते असण्याची अपेक्षाही नाही. पण शून्य क्रमांकावर आहे 'ब्लूज'. रकाना भरलाच नाही आणि तिथे शून्य राहिलं, की डेक ते गाणं ब्लूजमध्ये घालतो. अशा रीतीने तुकोबांचे अभंग आजवर किती गाड्यांत मिसिसिपीच्या काठचे ठरले असतील कोण जाणे. दुसऱ्या पिढीच्या टॅगमध्ये प्रकाराचं नाव आपल्याला हवं ते लिहिता येतं. दुकानातून भरून आणलेल्या गाण्यांत हे सगळे रकाने एकदा उघडून पाहावेतच. कित्येकदा गायक, अल्बम आणि शेरा या तिन्ही ठिकाणी गाणी फुकट वाटणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाचं नाव ठोकलेलं असतं, आणि मग डेकच्या हिशेबी सगळी गाणी त्या एकाच कलाकाराची होतात.

आता फोल्डर. घरातल्या संग्रहाची मांडणी ग्रंथालयासारखी असू शकते: गायक, त्यात अल्बम, त्यात गाणी. गाडीत ती सोयीची नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाडीतल्या उपकरणांसाठी मार्गदर्शक सूत्रं काढली. एखादं काम करताना चालकाची नजर रस्त्यावरून एका वेळी दोन सेकंदांहून जास्त हटू नये आणि सगळं काम मिळून बारा सेकंदांत उरकावं, असं ती सांगतात. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात दोन सेकंदांत गाडी साधारण ५५ मीटर पुढे जाते. चाळीस गायकांच्या यादीतून माणिक वर्मांपर्यंत पोचायचं, तिथून अल्बम, तिथून गाणं, हे काम बारा सेकंदांत बसत नाही.

म्हणून वरच्या पातळीवर मोजकेच फोल्डर ठेवावेत आणि ते प्रसंगानुसार असावेत. पहिला सकाळचा: भूपाळ्या, अभंग. दुसरा लांबच्या रस्त्याचा. तिसरा मुलांचा. चौथा पु. ल. देशपांड्यांचा, कारण 'बटाट्याची चाळ' ऐकत कोकणात उतरणारी कुटुंबं आजही आहेत. पाचवा रागदारीचा. फोल्डरच्या आत फोल्डर घालण्याचा मोह आवरावा. एमपी३ सीडीच्या काळात आयएसओ ९६६० या मानकाने फोल्डरांना आठ पातळ्यांची मर्यादा घातली होती आणि अनेक डेकच्या माहितीपुस्तिकेत तो आठचा आकडा आजही सापडतो. फोल्डर २५५ आणि फाइली अमुक इतक्या, अशाही मर्यादा तिथेच छापलेल्या असतात. पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असते, एकदा ते पान पाहून ठेवावं. मर्यादेपलीकडची गाणी डेक कुठलीही सूचना न देता गाळतो.

फोल्डर केवढा असावा, याचा हिशेब प्रवासावरून करता येतो. पुणे ते कोल्हापूर चार-साडेचार तास. पाच मिनिटांचं एक अशी पन्नास गाणी चार तास दहा मिनिटं चालतात. जुनी तीन मिनिटांची गाणी, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला मावणारी, घेतली तर तासाला वीस लागतात. जागेची चिंता मात्र फारशी नाही. ३२० केबीपीएसने पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी होतं, म्हणजे ३२ जीबीच्या ड्राइव्हवर अडीच हजारांच्या आसपास गाणी बसतात. १२८ केबीपीएसने याच्या अडीचपट बसतील, पण झांजांची आणि टाळांची किणकिण त्यात चरचरीत होते. इंजिनाच्या आणि टायरच्या आवाजात हा फरक बराचसा बुडतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

जो फरक बुडत नाही तो आवाजाच्या पातळीचा. १९५०च्या दशकातलं ध्वनिमुद्रण हळू, म्हणून आवाज वाढवावा, आणि पुढच्याच गाण्याला ढोल-ताशा कानठळ्या बसवून जावा. पातळी समान करायला 'रीप्लेगेन' नावाची खूण टॅगमध्ये घालता येते, पण बहुतेक डेक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. 'एमपी३गेन' हे साधन वेगळ्या रीतीने काम करतं: एमपी३च्या आत आवाजाची पातळी सांगणारा जो आकडा असतो तोच दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी वर-खाली करतं. गाणं पुन्हा दाबलं जात नाही, म्हणून दर्जा घसरत नाही, आणि डेकला काही कळण्याची गरजही उरत नाही.

रागदारीवाल्यांची अडचण निराळी. सीडीवर विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू होतो तो तबल्याच्या त्याच प्रवाहात. एमपी३ मात्र आवाजाचे ११५२ नमुन्यांचे ठोकळे करतो, म्हणजे एक ठोकळा साधारण २६ मिलिसेकंदांचा. गाण्याच्या दोन्ही टोकांना या ठोकळ्यांची भरती करावी लागते आणि तिथे शांततेचा एक सूक्ष्म तुकडा शिरतो. फाइल बदलायला डेक घेतो तो वेळ वेगळाच. नेमकी समेवर ठेच लागते. सीडीवरून उतरवतानाच विलंबित आणि द्रुत मिळून एक फाइल केली की प्रश्न मिटतो. फक्त गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर डेक चाळीस मिनिटांच्या फाइलीत होता त्या जागी परत येतो की सुरुवातीला जातो, हे आधी तपासून घ्यावं.

मॅक वापरणाऱ्यांना एक भूत छळतं. मॅकवरून फॅट३२ ड्राइव्हवर फाइल टाकली की तिच्या जोडीला टिंब आणि अधोरेषा यांनी सुरू होणारी त्याच नावाची एक छोटी फाइल तयार होते. मॅकवर ती दिसत नाही, डेकला दिसते. तो ती वाजवायला जातो आणि 'फाइल चालत नाही' म्हणून कुरकुरतो, प्रत्येक गाण्यामागे एकदा. मॅकच्या टर्मिनलमध्ये 'dot_clean' ही आज्ञा दिली की या फाइली साफ होतात. विंडोजवाल्यांची अडचण ड्राइव्ह मोठा असला की येते: ६४ जीबीचा ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट पद्धतीचा असतो, जुना डेक ती ओळखत नाही, आणि विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२चा पर्यायच येत नाही. वेगळं साधन शोधण्यापेक्षा ३२ जीबीचा ड्राइव्ह घेणं सोपं.

नवी गाणी येतच राहतात. ती थेट ड्राइव्हवर टाकली की पट पुन्हा विस्कटतो. त्यापेक्षा मूळ फोल्डर संगणकावर ठेवायचे, नवं गाणं आकडा लावून आधी तिथे घालायचं, आणि पाच-पन्नास साठली की ड्राइव्ह पुसून सगळं नव्याने उतरवायचं. रात्री जेवणाआधी लावून दिलं तर सकाळी निघताना ड्राइव्ह तयार असतो.